वॉकर, टकर, फुलर : एका धंद्याची तीन आडनावे आणि कोशांची एक सवय



इंग्रजी आडनावांचा कोणताही कोश उघडा. स्मिथ म्हणजे लोहार, बेकर म्हणजे पाव भाजणारा, कूपर म्हणजे लाकडी पिंपे बनवणारा, टेलर म्हणजे शिंपी. नोंद एका ओळीत संपते आणि वाचणाऱ्याला वाटते की प्रश्नही संपला. पूर्वज हा धंदा करत होता, म्हणून वंशजांना हे नाव मिळाले, असा तो सरळ हिशेब. या पाठात आपण त्या एका ओळीची तपासणी करणार आहोत. ती खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. ती जितके सांगते त्यापेक्षा कितीतरी अधिक आपण तिच्यातून काढतो, हा माझा आक्षेप आहे.

उदाहरणासाठी 'वॉकर' हे आडनाव घेऊ. इंग्लंडमधल्या सर्वाधिक प्रचलित आडनावांच्या यादीत ते पहिल्या वीसांत येते. स्मिथ सोडून वॉकर निवडण्याचे कारण असे की ज्या धंद्यावरून वॉकर आले, त्याच धंद्यावरून आणखी दोन आडनावे आली आहेत : फुलर आणि टकर. धंदा एक, आडनावे तीन. इथे तुलना करायला जागा मिळते, आणि तुलना केल्याशिवाय टीका होत नाही.

धंदा कोणता होता

लोकरीचे कापड मागावरून उतरते तेव्हा ते अंगावर घालण्याजोगे नसते. वीण विरळ असते, धाग्यांत मेंढीच्या अंगचे तेल असते, विणकराने सुतावर चढवलेली चिकट खळ असते. हे सगळे काढून कापड दाट करण्याचे काम वेगळे कारागीर करत. कापड हौदात टाकायचे, त्यात पाणी, शिळे मूत्र आणि तेल शोषून घेणारी एक माती घालायची, आणि तासन्‌तास तुडवायचे. मुरलेल्या मूत्रातल्या अमोनियाने तेल सुटते. ओल, ऊब आणि दाब मिळाला की लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतत जातात. कापड आटते, जाड होते, वारा अडवू लागते. मग ते धुऊन लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवायचे. त्या माती‌ला इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणतात. आपल्याकडे तिची बहीण मुलतानी माती या नावाने दुकानात मिळते. चौकटीवरच्या आकड्यांना 'टेंटरहुक्स' म्हणत. जीव टांगणीला लागला असे सांगायला इंग्रजी माणूस आजही हेच आकडे वापरतो, ते कशाचे होते हे मात्र त्याला बहुधा माहीत नसते.

बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये या कामासाठी पाणचक्क्या आल्या. टेंपलर पंथाच्या मालमत्तेची ११८५ साली पाहणी झाली, तिच्यात अशा चक्क्यांचे सुरुवातीचे उल्लेख सापडतात. पाण्याच्या जोरावर मोठे लाकडी हातोडे उचलले जात आणि कापडावर पडत. पायांचे काम हातोड्यांनी घेतले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

तीन शब्द, तीन मुलूख

हे काम करणाऱ्याला दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमध्ये फुलर म्हणत. हा शब्द लॅटिन 'फुल्लो'पासून जुन्या इंग्रजीत आला आणि नॉर्मन विजयानंतर फ्रेंच रूपाने त्याला आणखी बळ मिळाले. नैर्ऋत्येकडे, म्हणजे डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेट या भागांत, त्याला टकर म्हणत. त्याच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा जुना अर्थ छळणे, हाल करणे. कापडाचे काय होते हे पाहिले म्हणजे शब्दाची निवड पटते. आणि उत्तरेला, मिडलंड्सच्या बऱ्याच भागात व स्कॉटलंडमध्ये तो वॉकर.

ही विभागणी नकाशावर अजून दिसते. चक्क्यांची नावे पाहा : उत्तरेत 'वॉकमिल', कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचे गावच आहे. वेल्समध्ये वेल्श शब्द 'पांडी' चालला आणि टोनीपांडी या गावाच्या नावात राहिला. एक्सेटर शहरात विणकर, फुलर आणि कापड कातरणारे यांच्या संघाची पंधराव्या शतकातली इमारत आजही उभी आहे. तिचे नाव 'टकर्स हॉल'. संघाच्या अधिकृत नावात फुलर आणि इमारतीच्या नावात टकर! कागदावरची भाषा आणि रस्त्यावरची भाषा वेगळ्या असू शकतात, याचा इतका सुटसुटीत पुरावा क्वचितच मिळतो.

१८८१ च्या जनगणनेवरून आडनावांचे जे नकाशे तयार झाले, त्यांतही वॉकर यॉर्कशर-लँकशरकडे, टकर डेव्हनकडे आणि फुलर ससेक्स, केंट, नॉरफोक, सफोक या बाजूला दाटलेले दिसतात. आडनावे रूढ होऊन पाच-सहाशे वर्षे गेल्यानंतरही बोलीची सीमा टिकून आहे. तेव्हा पहिली दुरुस्ती इथे करू. 'वॉकर' हे आडनाव मूळ पुरुषाच्या धंद्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक खात्रीने, त्याच्या शेजाऱ्यांच्या बोलीबद्दल सांगते. नाव माणूस स्वतःला देत नसतो. इतर लोक त्याला हाक मारतात आणि कारकून ती लिहून घेतो.

कारकुनाचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडे थांबू. मध्ययुगीन इंग्लंडचे बहुतेक दप्तर लॅटिनमध्ये आहे. लोहार दिसला की कारकून 'फाबेर' लिहिणार, कापड तुडवणारा दिसला की 'फुल्लो'. यॉर्कशरमधल्या ज्या माणसाला सगळा गाव वॉकर म्हणत होता, तो दप्तरात फुल्लो होऊन बसलेला असू शकतो. कोशकार जेव्हा अमुक आडनावाची पहिली नोंद अमुक साली असे छापतात, तेव्हा ती त्या नावाच्या जन्माची तारीख नसते. लॅटिनच्या पडद्यातून ते नाव प्रथम बाहेर डोकावले ती तारीख असते. विद्यार्थी या तारखा उत्तरपत्रिकेत फार श्रद्धेने लिहितात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता एक साहित्यिक साक्ष. विल्यम लँगलंडच्या नावावर असलेल्या 'पिअर्स प्लाऊमन' या चौदाव्या शतकातील काव्याच्या दुसऱ्या पाठात, ज्याला अभ्यासक 'बी' पाठ म्हणतात, पंधराव्या सर्गात कापडाचा दृष्टान्त आहे. मागावरचे कापड जसे संस्कार झाल्याशिवाय घालण्याजोगे होत नाही, तसे जन्मलेले मूल बाप्तिस्म्यावाचून अपुरे, असा त्याचा रोख. तिथे कवी कापडावरचे संस्कार एकामागून एक मोजतो. 'फुल' करणे पायाखालीही होते आणि चक्कीच्या हातोड्यांखालीही, हे तो सांगतो. त्यानंतर धुणे, काटेरी बोंडांनी खरडणे, आणि मग पुन्हा 'टक' करणे व चौकटीवर ताणणे. दोन्ही क्रियापदे एकाच यादीत आहेत! म्हणजे निदान या कवीच्या कानाला ती पूर्ण समानार्थी नव्हती. शिवाय 'फुल' करणे आणि बाप्तिस्मा देणे हे दोन शब्द त्या काळी जवळजवळ सारखे ऐकू येत, त्यामुळे सगळा दृष्टान्त श्लेषावर तोललेला आहे. कोशातले 'फुलर = टकर = वॉकर' हे समीकरण आडनावांपुरते उपयोगी आहे. चौदाव्या शतकातल्या जिवंत भाषेवर ते जसेच्या तसे लादले की कवितेतला हा बारकावा हातून निसटतो.

'चालणारा' कुठून आला

वॉकर म्हणजे चालणारा, हे इंग्रजी शिकणाऱ्या कोणालाही सुचते. लोकप्रिय पुस्तके यावर एक पायरी पुढे जातात : हे कारागीर हौदात कापडावर चालत, म्हणून त्यांना वॉकर म्हणत. स्पष्टीकरण इतके नेटके आहे की त्याच्यावर शंका घ्यायला मन धजत नाही. पण ते उलट्या दिशेने रचलेले आहे.

जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' या क्रियापदाचा अर्थ पायी चालणे नव्हता. लाटांसारखे हेलकावणे, लोळवणे, घुसळणे हा त्याचा अर्थ. त्यापासून झालेला 'वेआल्केरे' हा शब्द नॉर्मन विजयाच्या आधीच लॅटिन 'फुल्लो'चा प्रतिशब्द म्हणून आढळतो. पायी चालण्याचा अर्थ क्रियापदाला नंतर, मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात चिकटला. आपले इंग्रजी बाजूला ठेवून जर्मन पाहा. तिथे 'वाल्केन' म्हणजे कापड मळणे, दाबणे, घोटणे, आणि चालणे मुळीच नाही. 'वाल्कर' हे आडनाव मात्र तिथेही आहे. इटालियन भाषेने जर्मानिक बोलींकडून हाच शब्द उसना घेऊन अशा चक्कीला 'ग्वाल्किएरा' म्हटले. तेव्हा कारागीर कापडावर पावले टाकत होते हे खरे, पण त्यांच्या नावातले 'वॉक' त्या पावलांवरून आलेले नाही. कापड घोटण्याचा अर्थ आधीचा आहे, पावलांचा नंतरचा. दोन्ही एका शब्दात भेटले आणि आपल्याला वाटले की एकातून दुसरा निघाला.

इथेच चक्कीची आठवण करा. इंग्लंडमध्ये सामान्य लोकांची आडनावे वंशपरंपरेने चालू लागली ती साधारण तेराव्या-चौदाव्या शतकांत. उत्तरेत ही प्रक्रिया दक्षिणेपेक्षा उशिरा झाली. तोवर पुष्कळ ठिकाणी कापड पाण्यावरच्या हातोड्यांखाली गेले होते. ज्या माणसाच्या नावापुढे वॉकर कायमचे चिकटले, तो कदाचित जमीनदाराकडून चक्की खंडाने घेणारा असेल आणि त्याचे पाय कधी हौदात भिजलेही नसतील.

आर्थिक इतिहासकार ई. एम. कॅरस-विल्सन यांनी १९४१ साली एका गाजलेल्या निबंधात या चक्क्यांना तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटले. चक्क्यांना वेगवान ओढे लागतात, म्हणून धंदा पूर्वेकडच्या शहरांतून उत्तर आणि पश्चिमेच्या डोंगराळ खोऱ्यांत सरकला, असे त्यांचे प्रतिपादन. पुढच्या इतिहासकारांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले आहेत. आपल्या विषयात मोह असा होतो की लगेच म्हणावे : उत्तरेत वॉकर जास्त, कारण धंदा उत्तरेत सरकला. हा मोह आवरा. उत्तरेत वॉकर आहेत कारण उत्तरेची बोली त्या कारागिराला वॉकर म्हणत होती. धंदा तिथे किती वाढला हा वेगळा प्रश्न आहे, आणि आडनाव त्याचा स्वतंत्र पुरावा देऊ शकत नाही. आधी गृहीत धरायचे आणि मग आडनावांकडून वदवून घ्यायचे, असे झाले तर तो पुरावा राहत नाही.

संख्येचे काय

आता प्रसाराकडे वळू. कोशांची सर्वांत वाईट सवय इथे दिसते. स्मिथ सर्वांत जास्त का? लोहार जास्त होते म्हणून, असे उत्तर दिले जाते. जरा विचार करा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सर्वांत जास्त होते ते शेती करणारे. मग 'फार्मर' हे आडनाव सगळ्यांच्या वर असायला हवे होते. ते तसे नाही. (शिवाय 'फार्मर' या आडनावाचा मूळ अर्थ शेतकरी नाहीच. ठरावीक रकमेवर करवसुली किंवा जमीन मक्त्याने घेणारा तो फार्मर.) सगळा गाव नांगर धरत असताना एकाला नांगऱ्या म्हणून काय उपयोग? ओळख पटवण्यासाठी नाव दिले जाते, आणि ओळख वेगळेपणाने पटते. लोहार गावात एकच असायचा, आणि जवळजवळ प्रत्येक गावात असायचा. स्मिथ विपुल आहेत ते या दोन गोष्टींमुळे : प्रत्येक ठिकाणी थोडे, आणि अशी ठिकाणे हजारो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंड-वेल्सच्या रजिस्ट्रार जनरलने आडनावांचा अंदाज केला, तेव्हा स्मिथ अडीच लाखांच्या वर निघाले. ही संख्या लोहारांची नसून अशा गावांच्या गुणाकारातून आलेली आहे.

हाच तर्क वॉकरला लावा. कापडाच्या मोठ्या केंद्रात, जिथे गल्लीगल्लीत हा धंदा होता, तिथे वॉकर म्हणून कोणाचीच नीट ओळख पटली नसती. एका खोऱ्यात एक चक्की आणि तिच्यावर एक कुटुंब, अशी स्थिती असेल तिथे ते नाव चपखल बसते. म्हणजे आडनाव दाट असणे हे धंदा दाट असल्याचे चिन्ह नसून धंदा पसरलेला असल्याचे चिन्ह असू शकते. कोशाच्या एका ओळीत हा फरक मावत नाही.

ही तपासणी पूर्वी कशी केली गेली तेही पाहू, कारण पद्धतीवर निष्कर्ष अवलंबून असतो. चार्ल्स बार्ड्‌स्लीचा १९०१ चा कोश जुन्या दप्तरांतली उदाहरणे भरपूर देतो, पण नाव कुठे दाट आहे याची शिस्तशीर मोजदाद त्याच्याकडे नाही. हेन्री गप्पीने १८९० च्या पुस्तकात मोजदाद केली, मात्र फक्त शेतकऱ्यांची. हा वर्ग जागा सोडत नाही, म्हणून नावाचे मूळ ठिकाण त्याच्यावरून कळेल, असा त्याचा विचार. विचार हुशारीचा आहे, पण धंद्यावरून आलेल्या नावांच्या बाबतीत तो अडचणीचा ठरतो. ज्यांचे पूर्वज कारागीर होते आणि वंशज शहरातले कामगार झाले, ते सगळे या चाळणीतून गळून पडतात. गुस्ताफ फ्रान्सन यांनी १९३५ मध्ये धंदेवाचक मध्ययुगीन नावांचा प्रदेशवार अभ्यास केला, आणि आजची चर्चा त्या पायावर उभी आहे. पी. एच. रीनी यांचा १९५८ चा कोश अनेक दशके प्रमाण मानला गेला. जुन्या नोंदींच्या बाबतीत तो काटेकोर आहे, पण आजच्या कुटुंबाचा त्या नोंदीशी संबंध आहे की नाही याची त्याने फारशी फिकीर केली नाही. पॅट्रिक हँक्स, रिचर्ड कोट्स आणि पीटर मॅक्ल्यूर यांनी संपादित केलेल्या २०१६ च्या चार खंडी ऑक्सफर्ड कोशाने ही उणीव बरीच भरून काढली. जुन्या नोंदी, मधल्या शतकांतल्या नोंदी आणि १८८१ ची स्थिती तिथे एकत्र येते. माझे मत विचाराल तर धंद्याच्या अर्थापेक्षा त्या कोशातली ठिकाणांची माहिती आधी वाचावी.

मग फुलरपेक्षा वॉकर इतके पुढे कसे गेले? गंमत पाहा. शब्द म्हणून विजय फुलरचा झाला. १६११ च्या बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताची वस्त्रे इतकी शुभ्र होतात की जगातला कोणताही फुलर ती तशी करू शकणार नाही, असे आहे. 'आठवा हेन्री' नाटकात काम गेलेल्या कापड कारागिरांची यादी येते, तिथेही फुलर आहेत. प्रमाण भाषेने दक्षिणेचा शब्द उचलला आणि धंदेवाचक वॉकर बोलीत मागे पडला. पण आडनावे त्याआधीच गोठली होती. शब्दाला जे अपयश आले ते नावाला भोवले नाही.

पुढचा भाग लोकसंख्येचा. वॉकर म्हणणारा मुलूख मुळातच विस्तीर्ण होता. त्यातच अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मँचेस्टर, लीड्स, ब्रॅडफर्ड ही शहरे फुगली आणि उत्तरेची आडनावे तिच्याबरोबर फुगली. यात लोकर आहे, पण ती मध्ययुगातल्या हौदातली नव्हे, वाफेवरच्या गिरण्यांतली. शिवाय स्कॉटलंडच्या गेलिक भाषक भागात 'कापड तुडवणाऱ्याचा मुलगा' अशा अर्थाचे जे नाव होते, त्याचेही इंग्रजीकरण करताना वॉकर झाले. उलट बाजूने आयर्लंडमधले काही टकर मुळात या धंद्यातले नाहीतच, एका वेगळ्याच गेलिक कुलनामाला टकरचा वेश चढवला गेला.

आणि निव्वळ योगायोगालाही जागा ठेवा. फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ साली प्रश्न मांडला होता की पिढ्यान्‌पिढ्या मुलगे होण्या-न होण्याच्या लहरीवर किती आडनावे नष्ट होतील. हेन्री वॉटसनबरोबर त्याने त्याचे गणित केले. एकाच पुरुषापासून निघालेले नाव सहज बुडते, शंभर ठिकाणी उगवलेले बुडत नाही. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये चाळीस ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांची वाय गुणसूत्रे तपासली. दुर्मीळ आडनावाचे पुरुष पुष्कळदा एका मूळपुरुषाकडे जातात असे दिसले, तर स्मिथसारख्या नावाचे लोक एकमेकांचे कोणीच नव्हते म्हटले तरी चालेल. तेव्हा 'वॉकर घराणे' हा शब्दप्रयोगच जपून वापरायला हवा.

आपल्या नजरेचा चष्मा

भारतीय विद्यार्थ्याने ही नावे वाचताना एक विशेष धोका असतो. सुतार, लोहार, कुंभार, तेली ही नावे आपण ऐकतो तेव्हा धंद्यामागे जात उभी राहते. बाप, आजा, पणजा त्याच कामात होते आणि लग्नसंबंधही त्याच वर्तुळात, असे आपण न सांगता धरून चालतो. आडनाव विचारणे हा आपल्याकडे निरुपद्रवी प्रश्न नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. हीच सवय घेऊन आपण फुलर, वॉकर वाचले की इंग्लंडमध्ये कापड तुडवणाऱ्यांची एक जात मनात तयार होते. तशी ती नव्हती. धंद्याचे बंधन होते, संघांचे नियम होते, बापाचा धंदा मुलाकडे पुष्कळदा जातही असे, परंतु नाव वंशपरंपरागत झाले याचाच अर्थ असा की ते आता धंद्यावर अवलंबून राहिले नाही. वॉकरचा मुलगा खाटीक झाला आणि तरी वॉकर राहिला, त्या दिवशी ते आडनाव झाले. चौदाव्या शतकातल्या डोईपट्टीच्या काही याद्यांत नावापुढे धंदाही वेगळा नोंदलेला असतो. नाव आणि धंदा जुळत नाहीत अशी ओळ सापडली की अभ्यासक खूश होतो, ते याच कारणासाठी.

ग्रेगरी क्लार्क यांनी २०१४ च्या पुस्तकात आडनावांवरून सामाजिक चढउतार मोजला. कारागिरांची आडनावे सोळाव्या शतकाच्या सुमारास ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये आपल्या लोकसंख्येच्या प्रमाणात दिसू लागतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. गंमत अशी की तेच लेखक सामाजिक चढउतार फार संथ असतो असा निष्कर्ष काढतात. पद्धतीवर वाद आहेत. आडनाव जितके विपुल तितके ते कुटुंबाचे चिन्ह म्हणून निकामी, हे आपण वर पाहिलेच. तरीही धंद्याचे नाव काही पिढ्यांनंतर दर्जाचे नाव उरत नाही, एवढे त्यांच्या आकड्यांतून दिसते. भारतीय नावांवर हाच प्रयोग करायचा तर हा भेद प्रथम नोंदवावा लागेल.

आपल्याकडे इंग्रजी नमुन्याच्या जवळ जाणारे उदाहरण पारशी समाजात आहे. ब्रिटिश मुंबईत इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर, मर्चंट, डॉक्टर हे इंग्रजी शब्दच आडनावे झाले. फारुख इंजिनिअर आणि नरी कॉन्ट्रॅक्टर यांना देश ओळखतो तो क्रिकेटमुळे. नाव राहिले, धंदा सुटला, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. इंग्लंडमध्ये दोन-तीन शतके लागलेली प्रक्रिया इथे दोन-तीन पिढ्यांत झाली.

समुद्रापलीकडचे वॉकर

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड टप्पा. २०१० च्या अमेरिकी जनगणनेत स्मिथ आडनावाचे सुमारे २४ लाख ४३ हजार लोक निघाले, म्हणजे रजिस्ट्रार जनरलच्या अंदाजाच्या जवळजवळ दहापट. यांतले सगळे इंग्लंडमधून गेलेल्यांचे वंशज नव्हेत. जर्मन श्मिट तिथे स्मिथ झाले. आणि गुलामगिरीत जखडलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांकडे अशी हजारो इंग्रजी आडनावे आली. काहींनी मालकाचे नाव ठेवले, काहींनी मुक्तीनंतर स्वतः दुसरे निवडले. वॉकर हे त्यांतलेच एक. १८२९ साली गुलामगिरीविरुद्ध जळजळीत पुस्तिका लिहिणारे डेव्हिड वॉकर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केसांच्या प्रसाधनांच्या धंद्यातून मोठ्या झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर, 'द कलर पर्पल'च्या लेखिका अ‍ॅलिस वॉकर. यांच्या नावासमोर कोशातली 'कापड तुडवणारा' ही ओळ ठेवून पाहा. शब्दाचा इतिहास म्हणून ती अचूक आहे. या माणसांच्या इतिहासाबद्दल ती काहीही बोलत नाही, आणि जे बोलत नाही तेच इथे महत्त्वाचे आहे : हे नाव त्यांच्यापर्यंत कोणत्या हातांतून आले.

अ‍ॅलिस वॉकर यांनी 'इन सर्च ऑफ अवर मदर्स गार्डन्स' या १९८३ च्या निबंधसंग्रहात आपल्या नावाविषयी लिहिले आहे. त्यांची एक खापरपणजी गुलाम म्हणून व्हर्जिनियाहून जॉर्जियापर्यंत पायी चालत आली, दोन लेकरे कमरेवर घेऊन. त्या चालण्याच्या आठवणीसाठी आपण माहेरचे वॉकर हे नाव जवळ ठेवले, असे त्या सांगतात.

आपण मघाशी 'वॉकर म्हणजे चालणारा' ही व्युत्पत्ती खोडून काढली. मग या निबंधाचे काय करायचे? परीक्षेत असा प्रश्न आला तर बहुतेक विद्यार्थी लिहितील की लेखिकेने लोकव्युत्पत्तीचा आधार घेतला आहे. मला हे वाचन ढोबळ वाटते. नाव कुठून आले हे त्या सांगतच नाहीत. नाव का ठेवले ते सांगतात. पहिला प्रश्न भाषाशास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर जुन्या इंग्रजीत सापडते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या खापरपणजीच्या पायांत आहे, आणि तिथे कोशकाराला दुरुस्ती सुचवायला जागा नाही. इंग्लंडमधल्या त्या पहिल्या वॉकरला आपले नाव निवडता आले नव्हते. शेजाऱ्यांनी हाक मारली, कारकुनाने लिहिले. लेखिकेने तेच नाव हाती आल्यावर त्याचा अर्थ स्वतः ठरवला.